लिथियम बोरोहायड्राइड आणि फोनॉन, माझा अनुभव

हायड्रोजन साठवायचा म्हटलं की सगळे आधी वजनाचा टक्का बघतात, लिथियम बोरोहायड्राइडमध्ये तो 18.5 आहे म्हणून पीएचडीला मीही तेच घेतलं. पण आत असलेला हायड्रोजन बाहेर काढायला 400 डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, आणि माझं काम म्हणजे ते का, हे कॉम्प्युटरवर डीएफटीने (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढायची क्वांटम पद्धत) बघायचं. हायड्रोजन वायूची एन्ट्रॉपी (रेणूंच्या मोकळेपणाचं माप) मोलला दर केल्व्हिनमागे साधारण 130 ज्यूल, म्हणजे खोलीच्या तापमानाला (सुमारे 300 केल्व्हिन) सुटायचा असेल तर एन्थाल्पी, म्हणजे तो सोडवायला लागणारी उष्णता, मोलला 39 किलोज्यूलच्या आसपास हवी. इथे ती कितीतरी जास्त आहे.

सुरुवात क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या प्रोग्रामने केली, कारण फुकट आहे आणि अडलं तर विचारायला माणसं भरपूर. रूम टेंपरेचरची ऑर्थोऱ्हॉम्बिक रचना, युनिट सेलमध्ये (स्फटिकाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) 24 अणू. कटऑफ, के-पॉइंट्स (हिशोब किती बारीक करायचा ते), रिलॅक्सेशन (अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी बसवणं) हे सगळं पटकन झालं, त्यावर फार लिहीत नाही.

खरा वेळ गेला फोनॉनमध्ये, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांच्या हिशोबात. सर पहिल्यापासून म्हणत होते की हायड्रोजन इतका हलका आहे की झीरो पॉइंट एनर्जी (शून्य केल्व्हिनलाही उरणारी कंपनांची ऊर्जा) सोडून दिली तर आकड्याला अर्थ नाही, आणि ते मला स्वतः हिशोब केल्यावर पटलं, बोरोहायड्राइड तुटून लिथियम हायड्राइड, बोरॉन आणि हायड्रोजन होतो त्या रिअ‍ॅक्शनची एन्थाल्पी या एका गोष्टीने मोल हायड्रोजनमागे जवळजवळ 20 किलोज्यूलने खाली येते!! म्हणून फोनॉन टाळून पुढे जाता येत नाही. 24 अणू म्हणजे 72 मोड (कंपनाचे प्रकार), क्लस्टरची (एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांची) क्यू लांब, जॉब वेळेच्या लिमिटला तुटायचा, मग रीस्टार्ट, असं चालायचं. पण 2300 सेंटीमीटर इन्व्हर्सच्या (फ्रिक्वेन्सीचं एकक) आसपास बी-एच, म्हणजे बोरॉन-हायड्रोजन बंधांच्या, स्ट्रेचिंगचा गठ्ठा आणि खाली 1100 ते 1300 मध्ये बेंडिंगचे मोड दिसले, रामन स्पेक्ट्रोस्कोपीच्या (प्रकाश टाकून कंपनं मोजण्याच्या) प्रयोगातले आकडेही तिथेच, तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

108 डिग्रीच्या वर हे हेक्सागोनल होतं, आणि त्या रचनेत मला निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी (रचना स्थिर नसल्याची खूण) यायला लागल्या. थ्रेशोल्ड कडक केला, परत रिलॅक्स केलं, तरी गेल्या नाहीत. नंतर पेपर वाचताना उलगडलं की ती फेज टिकते तीच मुळी बीएच4 चे गट सतत फिरत असतात म्हणून, आणि शून्य केल्व्हिनच्या हार्मोनिक (अणू आपल्या जागेभोवती थोडेच हलतात असं धरलेल्या) हिशोबात ते फिरणं येतच नाही. तिथे मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे अणूंची हालचाल वेळेनुसार चालवून बघणं, लागतं.

मला या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी हिशोबातून दाखवलं की हे तुटताना मध्ये लिथियमचं बी12एच12 वालं संयुग बनतं, आणि प्रयोगांतही त्याच्या खुणा सापडल्या. ते फार स्थिर, म्हणून हायड्रोजन परत आत घालायला त्रास होतो. कॉम्प्युटरवरचं काम नुसतं आकडे जुळवणं नाही हे मला त्यावरून पटलं.

मॅग्नेशियम हायड्राइड मिसळलं की मॅग्नेशियम डायबोराइड बनतो आणि एन्थाल्पी मोल हायड्रोजनमागे 25 किलोज्यूलने उतरते, हे व्हाजो या संशोधकांच्या गटाने 2005 ला दाखवलंय, तो हिशोबही केला, उतार बरोबर त्याच दिशेने आला.

सध्या मॅग्नेशियम बोरोहायड्राइड घेतलंय. त्याच्या अल्फा फेजच्या (एका स्फटिकरचनेच्या) सेलमध्ये 330 अणू, म्हणून फोनॉन बाजूला ठेवून व्हॅन डर वाल्स करेक्शन (अणू-रेणूंमधल्या क्षीण ओढीची दुरुस्ती) लावून नुसत्या एनर्जी काढतोय, रिलॅक्सेशनचा जॉब अजून क्यूमध्येच आहे.