औषधाची बाटली उघडू नका!

"अरे, मोठं कोरल गेलं बघ. दुकानातून औषध आणलंय, घालू का?" ठाण्याच्या काकांचा सकाळीच फोन. त्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा, कोरलांचा टँक आहे. बाटलीवरचं नाव वाचायला लावलं. कॉपर सल्फेट! "काका, झाकणसुद्धा उघडू नका, मी निघालोच." माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर ते वेगळ्या टबात चालतं, कोरल, कोळंबी असलेल्या टँकमध्ये ते विषच. शिवाय खडकात-वाळूत मुरलेलं तांबं नंतरही पाण्यात सुटत राहतं.

पोचलो तर ते मोठं कोरल, म्हणजे चामड्यासारखं मऊ लेदर कोरल, आक्रसून बसलेलं. एरवी त्याच्या टोपीवर बारीक पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे जीव, डुलत असतात, प्रत्येकाला आठ झालरीदार हात. आता एकही बाहेर नाही. वर मेणचट, चकचकीत पापुद्रा आणि त्यावर तांबूस शेवाळ. शेजारचे झोआ, मशरूम हे कोरलसारखेच छोटे जीवही मिटलेले. वास घेतला, सडका नाही. देठ दाबून पाहिला, टणक. कुजणारं लेदर लिबलिबीत लागतं.

पाणी तपासलं: सॅलिनिटी 35 पीपीटी, तापमान 26, अल्कलिनिटी 8, नायट्रेट 10 च्या आसपास. तक्रारीला जागाच नाही. मग वेव्हमेकरकडे, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाकडे, लक्ष गेलं. तोंड थेट काचेकडे!

"वाळू उडत होती रे, म्हणून मीच फिरवला," काकू म्हणाल्या.

लेदर अधूनमधून कात टाकतं, आणि ती वाहून जायला प्रवाह लागतो. प्रवाह गेला, कात चिकटून राहिली, तिच्यावर शेवाळ धरलं. त्यात शेजाऱ्यांना लांब ठेवायला लेदर टर्पिन जातीची रसायनं सोडतं. ती शोषणारा कार्बन बदलायचा राहिलेला. सॉफ्ट कोरल कसंही जगतं म्हणून विकतात. जगतं खरं, पण रुसतंही पटकन, आणि लोक त्या रुसण्यालाच आजार समजतात.

वेव्हमेकर वळवला, झोत अंगावर न येईल असा तिरका. पापुद्रा पिचकारीने हळूहळू सोडवला. ओरबाडला तर खालची कातडी फाटते. नवा कार्बन घातला, थोडं पाणी बदललं. झोआंना हातमोजे घालूनच हात लावला. "एवढ्याशाला काय घाबरतोस!" काका हसले. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते जीवघेणं आहे, हे सांगितल्यावर त्यांनी टँकमधला स्वतःचा हात बाहेर काढला.

झोआ संध्याकाळीच उघडले. लेदरने आठवडाभर वाट पाहायला लावली, रोज काकांचा फोन, रोज माझं "हात लावू नका." वाळूचा प्रश्न मात्र उरलाच. बारीक काढून जाड अरागोनाइट वाळू घालायचं ठरलं, आणि खर्च काकूंनी मंजूर केला.