उलटी कल्हई आणि तांब्याची गोळी

आमचं दुकान मुंबईत तांबाकाट्याला, तांब्या-पितळेच्या बाजारात, म्हणजे बाबांचं. हंडे, घंगाळी, बंब, पुण्याहून मठारकाम करून आलेले तांबे. मी त्यात पडलो नाही. इंजिनियर झालो, कॅलिफोर्नियाला गेलो आणि तिथे सहकाऱ्यांच्या नादाने हरणाच्या शिकारीला लागलो. गिरगावात हे अजूनही दबक्या आवाजात सांगावं लागतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने चितळ-सांबर मारणं गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असंच मला वाटतं. तिकडचा मामला वेगळा: प्रशिक्षण, परीक्षा, परवाना, ठरलेला हंगाम, आणि एका हरणामागे एक टॅग, म्हणजे त्या एका हरणापुरती परवाना-चिठ्ठी.

मी शिशाच्या गोळीवर शिकलो होतो. १ जुलै २०१९ पासून मात्र कॅलिफोर्नियात कुठल्याही शिकारीला शिसं बंद झालं. कायदा २०१३ चा होता, टप्प्याटप्प्याने लागू होत आला होता, पण मी शेवटच्या दिवसापर्यंत ढकललं. आपण परीक्षेचा फॉर्म भरतो तसंच.

बंदीचं कारण कॉन्डोर, तिकडचं प्रचंड गिधाड. १९८२ मध्ये जेमतेम २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचाही धरून पिंजऱ्यात ठेवला, वंश वाढवला आणि १९९२ पासून पुन्हा सोडायला सुरुवात केली. सोडलेले पक्षी मरत राहिले ते मुख्यतः शिशाने. शिशाची गोळी मांसात शिरली की तिचे बारीक कण उडतात. एक्स-रेमध्ये जखमेभोवती मोहरी सांडल्यासारखी दिसते. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतो, गिधाड ती खातं, आणि त्याच्या पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं.

हे वाचताना मला केम्प्स कॉर्नरवरचं आभाळ आठवलं. लहानपणी तिथल्या डुंगरवाडीवर, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवर, गिधाडं घिरट्या घालायची. मग ती दिसेनाशी झाली. आपल्याकडे घात केला गुरांना द्यायचे त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या मूत्रपिंडात जायचं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एखादंही उरलं नव्हतं. पुढचा खर्च आणि कटकट मी फारशी कुरकुर न करता सोसली, ती त्या आभाळामुळे.

बाबांना व्हिडिओ कॉलवर जुनी गोळी समजावली. आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच.

"म्हणजे उलटी कल्हई," बाबा म्हणाले. "आणि शिसं पोटात जातं हे त्यांना आत्ता कळलं? कथलात शिसं घालणाऱ्या कल्हईवाल्याला तुझ्या आजोबांनी ओट्यावरून खाली उतरवला होता."

काडतुसं विकत घेणं हा पहिला अडथळा. त्याच १ जुलैपासून काडतुसांच्या खरेदीलाही सरकारी तपासणी लागू झाली होती. फी एक डॉलर, काम दोन मिनिटांचं. पण मी घर बदललं होतं आणि बंदुकीच्या नोंदीत पत्ता बदलायचा राहिला होता. नाव फेटाळलं. पत्ता दुरुस्त करून पुन्हा जाईपर्यंत जुलै गेला. वीस काडतुसांची पेटी पंचेचाळीस डॉलरला. शिशाची मी पंचविसाला घ्यायचो.

माझी रायफल .३०८, म्हणजे तेवढ्या इंच जाडीच्या गोळीची. शिशाच्या १६५ ग्रेन वजनाच्या गोळीवर तिचा नेम पक्का बसलेला, म्हणून सवयीने तांब्याचीही तेवढ्याच वजनाची घेतली. शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या, तीन इंच पसरल्या. पुन्हा तीन, तेच. नेम चुकतोय, चाप झटक्याने ओढतोय, असं स्वतःला बोलून झालं. संध्याकाळी, म्हणजे मुंबईच्या सकाळी, दुकान उघडता उघडता बाबांनी कोडं सोडवलं. त्यांना बंदुकीतलं काही कळत नाही, पण वजन कळतं. "शिसं जड रे. तेवढ्याच वजनाला तांबं जास्त लागणार. नळीचं तोंड तर तेवढंच, मग गोळी लांबच होणार ना?"

बरोबर होतं. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. गोळी लांब झाली की सरळ जायला तिला जास्त गिरकी लागते, आणि ती गिरकी देणारे नळीतले आटे बदलता येत नाहीत. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यायची. १५० ग्रेनची पेटी आणली. हलकी म्हणून वेगही जास्त, आणि तो हवाच असतो. तांब्याची गोळी फुटत नाही, टोकाच्या पोकळीतून पाकळ्यांसारखी उलगडते. वेग कमी पडला तर मिटलेलीच आरपार जाते.

त्याआधी नळी घासली. जुन्या गोळ्यांचा थर बसलेला असताना नवी गोळी नीट चालत नाही, असं रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने बजावलं होतं. अमोनियाचं द्रावण घालून चिंध्या ओढल्या, तर एकेक निळी-हिरवी होऊन बाहेर आली. अगदी कळकलेल्या भांड्यासारखी. आठव्या-नवव्या चिंधीला रंग गेला. मग दोन-तीन गोळ्या नुसत्या नळी बसायला झाडल्या, त्यांचा हिशेब धरायचा नाही. त्यानंतरच्या तीन सव्वा इंचात बसल्या, फक्त जुन्या जागेपासून दोन इंच वर. दुर्बीण फिरवून खाली आणली. हे सगळं होईपर्यंत पेटीतली बरीचशी काडतुसं संपली होती.

तोवर पंचांग आडवं आलं. आमच्या भागातला हंगाम १० ऑगस्टला उघडला, तो ऐन श्रावणात. आईने फोनवर एवढंच विचारलं, "श्रावणात?" गेलो नाही. मग गणपती. अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला आणि हंगाम बंद २२ ला. मधल्या दोन्ही शनिवार-रविवारी पितृपक्ष. ते मी आईला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. माझी खात्री आहे की तिला माहीत होतं.

शेवटच्या शनिवारी सकाळी सातच्या सुमारास ओकच्या झाडाखाली दुफाटी शिंगांचा नर दिसला. एकशे चाळीस यार्ड. शिशाच्या काळात मी खांद्यामागे, फासळ्यांत मारायचो. तांब्याला हाड दिलेलं बरं असं ऐकलं होतं, म्हणून खांद्यावरच नेम धरला. हरीण तीसेक पावलं गेलं आणि बसलं. खाली बघत ती पावलं चालत जायला मला फार वेळ लागला. आनंद वगैरे काही नव्हतं, पोटात खड्डा होता. तो दर वेळी असतो.

गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली. चार पाकळ्या, एकही तुटलेली नाही. घरी सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवली: ९.६ ग्रॅम. झाडताना ९.७ होती. जखमेभोवतीचं मांस पूर्वी मी तळहाताएवढं कापून फेकायचो, या वेळी रक्ताळलेला भाग तेवढा काढला. आतडी तिथेच टाकली. तासाभरात वर टर्की गिधाडं फिरू लागली. पंखावर नंबराचा बिल्ला असलेला कॉन्डोर दिसतोय का म्हणून बराच वेळ मान वर करून बसलो. नाही दिसला.

मुंबईला कायमचा परतताना गोळी बरोबर आणली नाही. विमानतळावर सामानात असलं काही सापडलं की काय होतं ते पेपरात वाचलं होतं. फोटो तेवढा आणला. दुकानात बाबांनी तो बोटांनी मोठा केला, पाकळ्यांच्या कडा बघितल्या.

"कुठे तडा नाही. मऊ केलेलं तांबं आहे. कोणीतरी नीट तापवलंय." मग म्हणाले, "केवढ्याला पडली?"

"एक? सव्वादोन डॉलर. तेव्हाचे एकशे साठ रुपये."

"आणि मोडीत?"

मला माहीत नव्हतं. बाबांनी मनातच हिशेब केला. "चार रुपये," म्हणाले, आणि बंबाचा भाव विचारायला आलेल्या बाईंकडे वळले.