उंबऱ्याबाहेरचं स्टूल

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तारीख १४ मार्च २०२०. केरळात करोनाचा पहिला रुग्ण सापडल्याचं जानेवारीअखेरीस वाचलं होतं, पण केरळ लांब. इंदूरची गेर रद्द होते म्हणजे संकट आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलंय, असं वाटलं.

आमच्या सासूबाई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या. जुना मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. वयस्कर आणि मधुमेही माणसांना हा आजार जड जातो, एवढं कळलं होतं. त्यामुळे आमच्या घरात काळजीचा अर्थ एकच होता, आईंपर्यंत काही पोचू द्यायचं नाही.

२२ मार्चला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून आम्हीही थाळी वाजवली. त्यानंतर लोक घोळक्याने थाळ्या वाजवत राजवाड्यावर गेले. दिवसभर घरात बसून जे राखलं, ते तासाभरात उधळलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याला येणाऱ्या जीजी आल्या. तोवर यांनी दारात लाकडी स्टूल ठेवलं होतं. बाहेरचं सामान त्या स्टुलावर, माणसं स्टुलाच्या पलीकडे, असा नियम. मी जीजींना सांगितलं, आता काही दिवस येऊ नका, पगार चालू राहील. एप्रिलचे पैसे तिथेच दिले. त्या पायरीवर टेकल्या आणि पाणी मागितलं. मी फळीवरून एक जुना स्टीलचा पेला काढला. वेगळा असावा, एवढाच विचार होता. आई आतून बघत होत्या.

"तो पेला ठेव खाली," त्या म्हणाल्या. "आमच्या मोरीत असा एक पेला टांगलेला असायचा. कुणासाठी ते तुला सांगायला नको."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, आई, हे आजारासाठी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पाडव्याला वरचे काका येतील, त्यांनाही इथंच बसव. त्यांना आत घेणार असशील, तर हिलाही घे."

आईंचं अर्धं आयुष्य सोवळ्याओवळ्यात गेलेलं. बाहेरचे कपडे खुंटीवर, पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, हे त्यांना नव्याने शिकवावं लागलं नाही. उलट, खराब हाताने नळाला हात लावू नका, तांब्याने हातावर पाणी घाला, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं. पण त्या सोवळ्यात माणसं कशी बाहेर राहिली, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाडवा आणि लॉकडाऊन एकाच दिवशी, २५ मार्चला आले. इंदूरचे पहिले रुग्णही त्याच सुमाराला सापडले. गुढीला कडुलिंब फाटकाजवळच्या झाडाचा मिळाला, साखरेची गाठी मात्र नव्हती. दरवर्षीप्रमाणे वरचे काका आले, आणि मी त्यांना स्टुलापाशी थांबवलं. वडीलधाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी दारात थांबवायचं, माझे हात थरथरत होते. श्रीखंडाची वाटी स्टुलावर ठेवून मी मागे सरले. त्यांना राग आला. पंधरा दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तरीही सांगते, त्या महिन्यात आम्ही जे जे केलं त्यात हेच सगळ्यात कामाचं होतं.

बाकी पुष्कळ कष्ट वस्तूंवर गेले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी सोड्याच्या पाण्यात घातली. प्लास्टिकवर आणि स्टीलवर विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकतो, पुठ्ठ्यावर एक दिवस, असं वाचल्यावर बिस्किटांचे पुडे तीन दिवस पडवीत ठेवले. संसर्ग मुख्यतः श्वासातून होतो आणि वस्तूंमार्फत क्वचितच, हे पुढे स्पष्ट झालं. खिडक्या आम्ही घट्ट लावून घेतल्या होत्या, त्या उघड्या हव्या होत्या. मास्क जुन्या सुती साडीचे, तीन पदरी शिवले. सॅनिटायझरला सरकारने २०० मिलिलीटरला १०० रुपयांची मर्यादा घातली होती. आमच्या जवळच्या एका दुकानदाराने त्याहून जास्त घेतले आणि पावती दिली नाही. साबण घरात होता. वीस सेकंद चोळून हात धुतले की तोच पुरतो, म्हणून पुन्हा तिकडे गेलो नाही.

खरी अडचण इन्सुलिनची झाली. आईंना सकाळी वीस, संध्याकाळी चौदा युनिट लागतात. इन्सुलिनच्या पेनात घालायची एक कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी, तीनशे युनिटांची. पाडव्याला दीड उरली होती, म्हणजे बारा-तेरा दिवस. मी साठा करून ठेवायला हवा होता. डाळ-तांदूळ आणले आणि हे राहिलं. ३० मार्चपासून किराणाही बंद झाला, औषधांची दुकानं तेवढी चालू. जवळच्या दोन ठिकाणी संपलं होतं. तिसऱ्याने दुसऱ्या कंपनीचं दाखवलं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं की न विचारता बदलायचं नाही, नावाबरोबर मिश्रणाचं प्रमाणही वाचून दाखवा. यांनी दुकानातूनच फोन लावून खोक्यावरचं अक्षर न अक्षर वाचलं, तेव्हा कुठे होकार मिळाला. पाच कार्ट्रिज आणल्या. उन्हातून चालत यायचं होतं म्हणून थर्मासमध्ये बर्फ नेला होता, पण इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून मध्ये पंच्याची जाड घडी.

आता हे स्टुलावर ठेवणार किती वेळ? तीन दिवसांचा नियम इथे चालणार नव्हता. पुठ्ठ्याचं खोकं बाहेरच टाकलं, कार्ट्रिज एकेक करून ओल्या फडक्याने पुसल्या, हात धुतले, पुन्हा पुसल्या, आणि फ्रीजच्या दारात ठेवल्या. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. आई खुर्चीत बसून बघत होत्या. "झालं का?" एवढंच विचारलं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

नंतर महापालिकेने किराण्याची सोय केली. सकाळच्या कचरागाडीवर यादी द्यायची, सामान घरी यायचं. ज्या माणसांनी त्या दिवसांतही एक दिवस न चुकता कचरा उचलला, त्यांना आम्ही रोज स्टुलावर पाण्याची बाटली ठेवायचो. आमच्याच घरातली, नेहमीची.

जून लागला आणि जीजी आल्या. मास्क नाकावर, हात धुतलेले. "भाभी, मैं यहीं बैठती हूँ," म्हणून पायरीवर बसल्या. आईंनी खुर्ची अंगणात काढायला लावली, मीही बाहेर बसले, हेही. सगळेच लांब लांब. वरून काका उतरले, त्यांनाही चहा दिला. रोजच्या सेटमधले पाच कप. चहा झाल्यावर ते पाचही कप मी एकाच पातेल्यात उकळायला ठेवले.