लाल कडेची चिठ्ठी आणि टाइप नमुना: गांधीलमाश्यांची सूची करताना

पीटर कॅमेरॉनने (१८४७–१९१२) भारतातल्या शेकडो गांधीलमाश्यांना नावं दिली. त्याची ‘हायमेनॉप्टेरा ओरिएंटॅलिस’ ही लेखमाला १८८९ पासून मँचेस्टरला छापली जाऊ लागली. तिच्यासाठी रॉथ्नी या संग्राहकाने बंगालमधून आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्यातल्या रॉटनने पुण्यातून माश्या दिल्या होत्या. कॅमेरॉनचा स्वतःचा संग्रह मुख्यतः लंडनला गेला, रॉथ्नीचा ऑक्सफर्डला. त्यामुळे एकाच जातीचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांच्यावर जातीचं नाव टेकलेलं असतं ते टाइप, दोन शहरांत असू शकतात, हे सूचीला हात घालण्याआधीच ध्यानात ठेवावं लागतं.

पेटी उघडण्याआधी मी मूळ वर्णन वाचून लिंग, लांबी, ठिकाण आणि गोळा करणारा टिपून घेतो. लांबी ‘९ ते १० मिमी’ अशी दिली असेल, किंवा नर-मादी दोघांचं वर्णन असेल, तर लेखकापुढे एकाहून जास्त माश्या होत्या. त्या सगळ्या सिंटाइप, म्हणजे सारख्याच दर्जाचे टाइप. संख्या दिलीच नसेल, तरी एकच होती असं धरायचं नाही. प्राणिनामकरण संहितेची शिफारस ७३एफ तेच सांगते. लंडनच्या संग्रहात होलोटाइपला (मूळ वर्णनातच ठरलेला एकमेव टाइप) लाल कडेची गोल चिठ्ठी असते, सिंटाइपला फिकट निळी, लेक्टोटाइपला (सिंटाइपांतून नंतर निवडलेला एक) जांभळी, पॅराटाइपला (होलोटाइपसोबतचे बाकीचे नमुने) पिवळी. पण लाल चिठ्ठी पुढच्या काळात कुणीही लावलेली असू शकते. चिठ्ठीवर ‘टाइप’ लिहिलंय एवढ्यावर नमुना टाइप ठरत नाही, असं कलम ७२.४.७ मध्ये आहे. म्हणून वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही.

मग माशी सूक्ष्मदर्शकाखाली. डोकं आणि पोट त्याच माशीचं आहे ना, हे सांध्याजवळ डिंक दिसतो का त्यावरून तपासायचं. जुन्या दुरुस्तीत भलत्याच माशीचं पोट चिकटवलेलं सापडतं.

सगळ्यात जास्त वेळ चिठ्ठ्या खातात. एका टाचणीवर चार-पाच असतात. टाचणी वाकड्या चिमट्याने तळाशी धरायची, चिठ्ठ्या खालून एकेक करून काढायच्या, वरची पहिली या क्रमाने मोजपट्टीसह मांडून फोटो घ्यायचा, आणि त्याच भोकातून, त्याच तोंडाने परत घालायच्या. गंजाने घट्ट बसलेली चिठ्ठी ओढायची नाही. तिरप्या कोनातून फोटो घ्यायचा. जुनी पितळी टाचणी असेल तर जास्त जपायचं. माशीच्या अंगातल्या चरबीने टाचणीतलं तांबं कळकतं, हिरवा थर वाढत जातो आणि छाती आतून तडकते. बाहेर आलेला थर बारीक सुईने, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कुंचल्याने काढता येतो. टाइपची टाचणी बदलण्याच्या भानगडीत मात्र सहसा पडू नये. गळालेला पाय जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये घालून कॅप्सूल त्याच टाचणीला टोचायची, कारण पेटीच्या तळाशी सुटा राहिला तर तो कुणाचा हे पुढे सांगता येत नाही.

मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, स्पेलिंगच्या चुकांसकट. ‘पूना’ असेल तर मूळ मजकुराच्या रकान्यात ‘पूना’च; ‘पुणे, महाराष्ट्र’ हा आपला अर्थ, तो वेगळ्या रकान्यात. अक्षांश-रेखांश देताना किती किलोमीटरची शंका आहे तेही लिहायचं, कारण नुसत्या ‘पूना’वरून शहर की आसपासचा डोंगर हे कळत नाही. कॅमेरॉनच्या नमुन्यांवर ‘१९१४-११०’ अशी चिठ्ठी दिसते. ती माशी पकडल्याची तारीख नव्हे. १९१४ हे संग्रहालयात दाखल झाल्याचं वर्ष आणि ११० हा त्या वर्षीच्या आवकीचा क्रमांक. नवखा माणूस हे हमखास तारखेच्या रकान्यात भरतो, आणि १९१२ मध्ये वारलेल्या लेखकाचा नमुना १९१४ मध्ये पकडलेला दिसू लागतो.

माशीखाली भुकटी दिसली तर ॲन्थ्रीनस भुंगेऱ्याच्या अळ्या लागल्या असं समजावं. पेटी हवाबंद पिशवीत घालून उणे ३० अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि बाहेर काढल्यावर पूर्ण निवळेपर्यंत पिशवी उघडायची नाही; नाहीतर थंड माशीवर दव धरतं.

सिंटाइपांतून लेक्टोटाइप निवडायचा मोह होतो. मी निवडत नाही. ती निवड त्या प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) फेरअभ्यास करणाऱ्या अभ्यासकाने, ऑक्सफर्डचे नमुनेही पाहून करावी. माझ्या नोंदीत ‘सिंटाइप, मादी, १, डावी शृंगिका तुटलेली, बाकीचे नमुने इथे सापडले नाहीत’ एवढंच असतं. त्यांना ‘नष्ट’ म्हणायला मात्र वेगळा पुरावा लागतो.