जुन्या ग्राहकाला जुनाच भाव : छत्रीची नोंद, भाग ४

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत टीव्हीच्या डीटीएच जोडणीसाठी नवा अँड्रॉइड बॉक्स (इंटरनेटही चालवणारा) घेणारच. दिवाळी झाली. बॉक्स जुनाच आहे, पण गच्चीवर आता दोन छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, आहेत. कसं झालं ते सांगतो.

आमच्या डीटीएच कंपनीचा फोन आला. अकरा वर्षं जुना एचडी बॉक्स द्या, नवा घ्या, 'खास आपल्यासाठी' भाव. भाव लिहून घेतला आणि त्यांच्याच अ‍ॅपवर नव्या जोडणीचा पाहिला. तोच बॉक्स, वर महिन्याचा पॅक फुकट, आणि तरी माझ्यापेक्षा स्वस्त! जावयाचं कौतुक लग्नापर्यंतच, तसला प्रकार. कंपनी बदलायची तर बॉक्स माळ्यावर टाकावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावेत अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामकाने) एप्रिल २०२०मध्ये केली होती. माझा बॉक्स अजून तरी एकाच मालकाचं ऐकतो.

म्हणून आधी बिल काढून बसलो. २०१९च्या नियमात नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनेलच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीचे पैसे, १०० एसडी (साध्या दर्जाच्या) चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये होतं, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२०मध्ये तेवढ्यातच २०० चॅनेल झाले. जुलै २०२४मध्ये ट्रायने शुल्कावरची ही मर्यादाच काढली, तेव्हापासून ज्याचा त्याचा आकडा. त्यामुळे कुणी पॅकची किंमत सांगितली की पहिला प्रश्न : नेटवर्क शुल्क धरून की सोडून? घरात आठवडाभर कागद चिकटवून ठेवला, जो चॅनेल लावाल त्यावर खूण करा. सतरा निघाले. दोन पॅक काढून सुटे चॅनेल घेतले, महिन्याचे ४३८ होते ते २९६वर आले. जोडणी बंद करायची आहे म्हटल्यावर वर्षाच्या रिचार्जवर एक महिना जादा मिळाला, तोही घेतला. बॉक्सचा भाव मात्र एक रुपयाने हलला नाही.

आता खरी गंमत. पावसाळ्यापासून चित्राचे चौकोन पडत होते. फोनवरच्या बाईंचं निदान, 'सर, बॉक्स जुना झालाय.' बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) ८४ आणि क्वालिटी (त्याचा स्वच्छपणा) ५१. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी पडलेली, म्हणजे मला तरी संशय वायरीचा. गच्चीवर जाऊन एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) कनेक्टर उघडला तर तांब्याच्या तारेवर हिरवा थर, आणि वायरीची जाळी ओल्या काथ्यासारखी काळी. आमच्या डिशवाल्याने बघताच विचारलं, 'काका, टेप कुणी लावला नव्हता का?' मीच लावला नव्हता. दीड हात वायर कापली, नवे कनेक्टर लावले, आणि एलएनबीखाली वायरीला झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. क्वालिटी ७८. खर्च चहासकट ऐंशी रुपये.

वाचलेल्या पैशांतले थोडे दुसऱ्या छत्रीवर गेले. माळ्यावरची जुनी छत्री फ्री डिशसाठी (दूरदर्शनच्या फुकट सेवेसाठी) ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवली. पुण्यातून दिशा उत्तरेपासून साधारण १३२ अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून ५९ अंश. पहिल्या दिवशी दोन तास काहीच सापडलं नाही. होकायंत्र लोखंडी कठड्याला टेकवून वाचत होतो, ते भलतीकडेच बोट दाखवत होतं. चार पावलं लांब जाऊन वाचलं, समोरच्या टाकीची खूण धरली, आणि पाच मिनिटांत सह्याद्री आलं. नव्या लोकांनी एवढं लक्षात ठेवा की ऑफसेट (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेल्या) छत्रीचं तोंड दिसतं त्याहून बरंच वर बघत असतं, नुसत्या डोळ्याने उंची लावू नका. एका वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्सही चालवू नका. एलएनबी १३ आणि १८ व्होल्टवर ध्रुवण (लहरींची उभी-आडवी दिशा) बदलतो, दोन बॉक्स दोन व्होल्टेज मागू लागले की एकाचे निम्मे चॅनेल गायब.

बॉक्स न बदलण्याचं आणखी एक कारण आहे. त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर आईने रेकॉर्ड केलेली कीर्तनं आहेत. ती कुलूपबंद असतात, त्याच बॉक्सवर चालतात. बॉक्स गेला की कीर्तनं गेली. आईला विचारलं, ऐकून कधी संपतील? म्हणाली, 'पुढच्या चातुर्मासात बघू.'