जामीन झाला, माणूस आतच

मंगळवार, रात्रीचे अकरा

आज पीएचडीच्या गाइड सरांकडून मुलाखतींची प्रश्नावली परत आली. चौदांपैकी नऊ प्रश्न खोडलेत. पहिल्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'ही उलटतपासणी झाली.'

वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधी विचारू नये, हे सोलापूरच्या कोर्टात सीनियरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पाच वर्षं तेच केलं. आता पीएचडीसाठी नेमके तेच प्रश्न विचारायचे आहेत, ज्यांची उत्तरं मला माहीत नाहीत. आणि माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध काही सापडलं तर ते लपवायचं नाही, उलट तेच आधी लिहायचं.

आबा फोनवर अजून विचारतात, "एलएल.एम. झालं, सनद आहे, मग पुन्हा शिकायचं ते कशाला?" नीट उत्तर देता येत नाही. खरं उत्तर म्हणजे एका माणसाची गोष्ट आहे.

चोरीची केस होती. बिगारी काम करणारा, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. जामीन अर्जावर मी मन लावून युक्तिवाद केला आणि जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मी खूश होऊन पुढच्या फाईलला लागले. तो मात्र त्यानंतर एक महिना नऊ दिवस आतच होता. ऐपतीचा दाखला, म्हणजे तेवढी रक्कम भरण्याची कुवत असल्याचा कागद, असलेला माणूस त्याच्या ओळखीत कुणी नव्हता. मामा होता, पण इंडी तालुक्यातला, म्हणजे कर्नाटकातला. कोर्टात 'स्थानिक आणा' म्हणाले. 1978 चा मोतीराम खटला मी परीक्षेत लिहिला होता. त्यातही एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं होतं. पेपरात मार्क मिळाले. त्या दिवशी कोर्टात मात्र हा खटला माझ्या तोंडातून बाहेर आला नाही.

कायद्याच्या दृष्टीने माझं काम संपलं होतं. अर्ज मंजूर, फाईल बंद. पण तो आत का राहिला, हे कुठल्याच कलमात सापडेना. गुन्हेशास्त्राकडे मी त्या शोधात आले. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. दर चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. चांगला आदेश आहे. तो बरॅकपर्यंत कसा पोचतो, वाटेत कुठे अडतो, हा माझा विषय.

वाचताना मात्र पायाखालची जमीनच सरकली. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, एवढाच त्याचा अर्थ. 1871 मध्ये पहिल्यांदा झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यातही लागू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जातींच्या लोकांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांची हजेरी घेतली जायची, बाहेर जायला पास लागायचा, हे मी इथे येऊन वाचलं. लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर 1876 मध्ये कवट्या आणि जबडे मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहत होता. इंग्रजांना त्याआधी पाच वर्षं मोजपट्टीचीही गरज पडली नव्हती, जात पुरली. कायदा 1952 मध्ये गेला. आबांना विचारलं, तर म्हणाले, "तुझे आजोबा गिरणीत होते ना, त्यांच्या खात्यात सेटलमेंटची माणसं होती. पाळी सुटली की मोजून परत नेत." इतकं सहज सांगितलं त्यांनी. मी कधी विचारलंच नव्हतं.

जामीनदार कुणाला मिळतो, याचं उत्तर मला आता त्या कुंपणाकडून शोधावंसं वाटतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पत्ता आणि सातबारा मिळू दिला नाही, त्यांच्याकडे आपण ऐपतीचा दाखला मागतो. पण थांब. हा निष्कर्ष आहे, आणि मी अजून एकाही माणसाशी बोललेले नाही. पुन्हा वकील जागी झाली.

परवा पहिली मुलाखत. सुटून आलेले एक गृहस्थ तयार झालेत. संमतीपत्र मराठीत सोपं करून लिहिलंय. ही सही केल्याने केसमध्ये काही फायदा होणार नाही, हे वाक्य सर्वांत वर घेतलंय, कारण माझ्यासमोर सही म्हणजे वकीलपत्र असंच लोकांना वाटणार.

माझा पहिला प्रश्न होता, 'तुम्हाला जामीनदार का मिळाला नाही?' सरांनी तो खोडून खाली लिहिलंय, 'जामीन झाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, आणि कधी?'

संध्याकाळपासून तो प्रश्न घेऊन बसले आहे. जुन्या फाईलच्या फोटोंमध्ये शोधलं. ऑर्डरची नक्कल आहे, अर्ज आहे, माझ्या फीची नोंद आहे. त्याला मी कळवलं होतं का, हे कुठेच लिहिलेलं नाही. आठवतही नाही.