इस्त्रीची हिरवी वायर

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री मुलाचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला आणि वायर जिथं इस्त्रीत शिरते तिथं चर्र झालं, निळी ठिणगी उडाली. ह्यांनी लगेच काळी टेप गुंडाळली. दहा मिनिटांत टेप पाघळली आणि तिचा डिंक कॉलरला लागला. शर्ट गेला, इस्त्री तशीच.

दोन दिवसांनी मी सांगलीच्या गणपती पेठेत गेले. साधी पांढरी वायर मागितली तर दुकानदार हसले. “इस्त्रीला ही चालत न्हाई, वहिनी. तापल्या तळाला टेकली की वितळतीया. कापडी घ्या.” खरंच आहे. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच्या कामाची, आणि सुती कपड्याला तळ दोनशेच्या घरात तापतो. तीन तारांची कापडी वायर दोन मीटर आणि 6 अँपिअरचा थ्री-पिन प्लग घेतला. इस्त्री 1000 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आत. पाऊण स्क्वेअर एमएमची वायर पुरते.

इस्त्री गार, प्लग काढून माझ्या मांडीजवळ. मागचा स्क्रू काढून झाकण उचललं. वाकून वाकून वायरच्या आतले तांब्याचे धागे एकेक तुटत गेले होते, पाच-सहा उरलेले. सगळा भार त्यांच्यावर, म्हणून ठिणगी. आम्ही गरम इस्त्रीभोवती वायर करकचून गुंडाळून ठेवायचो, त्याचं हे फळ.

पण मी थबकले ती हिरव्या वायरीपाशी. लाल आणि काळी वायर स्क्रूला होत्या. हिरवी मुळातून कापून आत दुमडलेली, आणि तिचा स्क्रू रिकामा! तीन वर्षांपूर्वी एकाकडून दुरुस्त करून आणली होती, तेव्हाचीच ही करामत. हिरवी म्हणजे अर्थिंग, इस्त्रीच्या धातूत उतरलेला करंट जमिनीत नेणारी. ती नसली तरी इस्त्री तापते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. सासूबाई मात्र दरवेळी म्हणायच्या, “हाताला झिणझिण्या येतात गं.” आम्ही त्यांना रबरी चप्पल घालायला सांगून मोकळे झालो होतो. टर्मिनलवर, म्हणजे वायरी स्क्रूला बांधतात तिथं, काजळी साचली होती, करंट बहुधा तिथूनच अंगावर उतरत असणार. ती ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ केली.

नव्या वायरीत रंग वेगळे निघाले, तिथं जरा घोटाळा झाला. लालच्या जागी तपकिरी, काळीच्या जागी निळी, हिरवीला हिरवी-पिवळी. धागे पिळून स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेनं गुंडाळले, म्हणजे स्क्रू आवळताना ते आत ओढले जातात. एक केसभर धागा बाहेर राहिला होता, तो सोडून पुन्हा बांधला. प्लगमध्ये हिरवी-पिवळी वरच्या जाड पिनेला, बाकीच्या दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवून. कुणी वायर हिसकली तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटावं. प्लगमधली पकडपट्टी कापडी वेष्टनावर आवळली, आतल्या तारांवर नाही.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा भाचा मल्टिमीटर घेऊन आला, तारांची जोडणी आणि व्होल्ट तपासायचं यंत्र. अर्थची पिन आणि इस्त्रीचा तळ: बीप, म्हणजे जोडणी सलग. फेजची (करंट आणणारी, तपकिरी) पिन आणि तळ, मग न्यूट्रलची (करंट परत नेणारी, निळी) पिन आणि तळ: दोन्हीकडे मोठ्या रेंजवरही काही नाही, म्हणजे तळाशी त्यांची जोडणी नाही. मग त्याला वेगळीच शंका आली, भिंतीच्या सॉकेटमध्ये तरी अर्थिंग आहे का? आमचं घर गावभागातलं, 2019च्या महापुरानंतर बोर्ड वर घेतलेले. सॉकेट त्यानं स्वतःच तपासलं, मला हात लावू दिला नाही. फेज-न्यूट्रल 231 व्होल्ट, फेज-अर्थ 229. ठीक होतं.

रात्री सासूबाईंनी नऊवारीला इस्त्री केली. झिणझिण्या नाहीत म्हणाल्या. चप्पल मात्र पायातच होती.